बारा अंश

दरसाल तंबू ठोकला की मला फोन येतो,
आमंत्रणाचा नव्हे, कामाचा:
"ये बाबा, थंडावा लाव."

मनामात तेरा वर्षं एसी दुरुस्त करतोय.
थंडावा म्हणजे काय, मला वाटायचं, मला माहीत आहे.

पिंपं येतात जहाजानं, वीस-बावीस.
बर्नार्ड त्यांना आडवी निजवतो, खाली पाचरी सारतो,
आणि दोन दिवस कुणाला पाय वाजवू देत नाही.
गाळ बसायचा असतो.
बाळंतिणीच्या खोलीत वावरावं
तसा मी वावरतो, हातात पाना घेऊन.
बारा अंश. तेरा चालतील.
चौदा झाले की बर्नार्ड माझ्याकडे
सासऱ्यासारखा बघतो.

तिसऱ्या दिवशी लाकडी हातोडा. एकच ठोका.
मग क्लबभर माणसं.

पहिल्या वर्षी ग्लास हातात घेऊन तोंड वाकडं केलं.
ना गार, ना फेस, ही कसली बियर?
दुसरा घोट घेतला, आणि थेट आमच्या वडणग्यात,
मामाच्या गुऱ्हाळावर,
काहिलीच्या काठाला करपलेला पाक
बोटानं खरवडताना सापडलो.

तेव्हापासून वही आहे. पावत्यांच्या मागे लिहिलेली.
"काळी. भाजलेली ज्वारी. उशिरा कडू."
"आंबील, पण शिकलेली."
"पितळेच्या तांब्यात विसरलेलं ताक. पुन्हा नको."
(पुढच्या वर्षी पुन्हा घेतली.)

रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो,
त्याच्या पुढे पुढे आमची जत्रा पळते:
मार्च, फेब्रुवारी,
एकदा तर ऑक्टोबर, बाहेर अडतीस,
आणि मी ओल्या गोणपाटांनी
पिंपांच्या पाठी पुसत होतो, म्हशींच्या पुसाव्यात तशा.

एका वर्षी तंबू उभाच राहिला नाही.
सगळं जग घरात होतं.
मी गोदाम उघडून यंत्र तासभर चालवलं.
नळ्यांना गंज चढू नये म्हणून.
बारावर काटा आला, तो बघत बसलो.

नजीब परकार, खेडचा, कधी प्यायला नाही.
तरी अकरा वर्षं आला.
कोपऱ्यात लिंबू-सोडा, बशीत चिप्स, खिशात पिकअपची चावी.
आमचे ग्लास भरले की आधी त्याच्या नाकाखाली.
डोळे मिटून सांगायचा:
"संत्र्याची साल." "पावसात ठेवलेलं शिसवी दार."
एकदा म्हणाला, "मौलवींच्या खोलीतली पुस्तकं,"
आणि स्वतःच दचकला.
बर्नार्ड यादीत बघून मान हलवायचा. साल तर खरंच असायची.
मोजायचाही तोच.
"तीन झाले, भोकरे. चौथा तुझा नाही."
मग मागे शिवदासन आणि मी, उघड्या हौद्यात,
सित्राच्या दिव्यांकडे पाठ करून,
जगातली सगळ्यात शहाणी माणसं.

जानेवारीत त्याचा व्हिसा संपला. कायमचा गेला.
चावी माझ्याकडे दिली, आणि टायरची हवा बघत जा, म्हणाला.

म्हणून यंदा लिंबू-सोडा माझा.
शिवदासननं ग्लास पुढे केला, सवयीनं, माझ्या नाकाखाली.
मी डोळे मिटले. काहीच येईना.
नुसती दारू.
मग जरा वेळानं, अगदी लांबून,
ओल्या पोत्याचा वास. तो कदाचित माझ्याच हाताचा असेल.

रात्री जुफैरच्या सिग्नलला फोन वाजला.
मागे शिवदासन घोरत होता.
"किती झाले?"
"एकही नाही."
पलीकडे रातकिडे. खेडात एव्हाना अडीच वाजले असतील.
"मग सांग की," नजीब म्हणाला, "यंदा काय काय होतं?"

गाडी कडेला घेतली.
वही काढली. पान कोरं होतं.
तरी पहिल्या पिंपापासून सुरुवात केली.