पडण्याचे दोन रुपये जादा

स्टुडिओच्या पगारवहीत त्याचं नाव
नेहमी खालून तिसरं:
निखारे यादव सोमाजी, विनोदी, महिना पंचेचाळीस.
पुढे तांबड्या शाईत, कारकुनाच्या तिरक्या अक्षरात,
पडण्याचे दोन रुपये जादा.

पडायला तो शिकला इतवारीत,
बापाच्या मागाच्या खड्ड्यात.
कोष्ट्याच्या पोराला अंधारातही ठाऊक असतं
माठाकडे जाताना घरात जमीन कुठे संपते.
यादवकाका दर वेळी विसरायचा,
किंवा विसरल्यासारखं करायचा,
कारण आजोबा दिवसाकाठी एकदाच हसत, ते तेव्हा.

मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यापुढे नाचताना
कुण्या कंपनीवाल्याने त्याला पाहिलं म्हणे,
आणि पोरगा पुण्याला गेला.
ट्रंकेत दोन धोतरं, सांडग्या मिरच्यांची पुरचुंडी,
जिभेवर मले, तुले, कायले.

एकोणचाळीस बोलपट.
नोकर, न्हावी, पोस्टमन, भित्रा पहारेकरी,
एकदा नायिकेच्या मामाचा जावई,
एकदा नुसताच शिंकणारा माणूस.
दोन रडक्या प्रसंगांच्या मध्ये
लोकांनी विडी ओढायला बाहेर जाऊ नये
एवढ्यासाठी त्याला ठेवला होता.
आणि ते जात नसत.

डायरेक्टर सांगायचा, निखारे, तुमचं ते येऊ द्या.
काका म्हणायचा, "मले काय मालूम, साहेब?"
अख्खा सेट फुटायचा,
वर दिवे धरून बसलेली पोरंसुद्धा.
काकाला वाटायचं, हे आपलं टायमिंग.
रात्री खोलीवर कंदिलापाशी
तो ते घासत बसे, पितळी तांब्या घासावा तसं:
मले... एक, दोन... काय मालूम.
मले काय... एक... मालूम.

चौथा बोलपट नागपुरात लागला, चंद्रिका टॉकीजला.
सगळा मोहल्ला गेला, माग बंद ठेवून.
काका पडद्यावर पडला तेव्हा
पत्र्यावरची कबुतरं उडाली, एवढं हसले लोक.
मग तो उठला, धोतर झटकलं, म्हणाला,
"मले काय मालूम, साहेब?"

थेटर गप्प.
बायकांच्या बाजूने कुणीतरी हळहळलं,
"खरंच तं. त्या बिचाऱ्याले काय मालूम?"

तिसऱ्या दर्जाच्या बाकावर
आईशेजारी बसून त्याने ते ऐकलं.

हे त्याने मला फार वर्षांनी सांगितलं,
गांधीसागरच्या कठड्यावर, पोह्यांवरची तर्री
बोटाने पुसून खाताना.
"टायमिंग नव्हतं बे ते.
माही माय बोलते तसा मी बोललो,
अन् तिकडचे हासून राह्यले होते."
मी विचारलं, मग सोडलं का नाही?
त्याने द्रोण पाण्यात भिरकावला.
"पडायचे दोन रुपये होते ना.
पडणं तं माहं होतं."

पुढे स्टुडिओला कुलूप लागलं.
काही रिळं जळाली, बाकीची शेरावर विकली.
बांगड्यावाल्यांनी नेली म्हणतात.
कुठल्याशा जत्रेत कुणाच्या मनगटावर
काकाचा एखादा नोकर अजून वाजत असेल,
किंवा नसेल. सेल्युलॉइड फार दिवस टिकत नाही.

एक डबा सापडला, अर्धा. अकरा मिनिटं.
नायक पत्र वाचतोय, चेहऱ्यावर चांगला उजेड आहे.
मागे, थोडा धूसर, काका ट्रे घेऊन उभा.
त्याला इथे काही करायचं नाही.
पण डावा हात मोकळा आहे,
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चाललाय,
सावकाश, न थांबता,
आजोबा काठाच्या तारा मोजत तसा.
मी मशीन मागे नेऊन पुन्हा पाहिलं.
सगळं थेटर नायकाचं पत्र वाचत असताना
हा माणूस इतवारीत बसलाय.

सत्ताविसाव्या तारेवर,
ठरल्याप्रमाणे,
त्याचा पाय अडखळतो.