काचा धुण्याचा वार

कांदे मी सोमवारीच बसवते,
बाटल्यांच्या तोंडावर, चार काड्या टोचून,
बूड तेवढं पाण्याला टेकलेलं.
गुरुवारपर्यंत मुळं फुटतात,
म्हाताऱ्याच्या न केलेल्या दाढीसारखी.
मग ब्लेडनं शेंडे उतरवायचे, कोमट आम्लात घालायचे,
आणि संध्याकाळच्या वर्गापुढे बशीतून ठेवायचे.

मी शिकवत नाही. शिकवतात एर्सिलियाबाई.
मी काचा देते, काचा घेते,
शुक्रवारी काचा धुते. सोळा वर्षं.

जूनमध्ये पुंता अरेनासला दहाला उजाडतं,
साडेपाचला मिटतं.
उरलेला दिवस वाऱ्याचा.
सामुद्रधुनीवरून येतो, खिडकीच्या फटीतून आत शिरतो,
फी न भरता सगळा अभ्यासक्रम ऐकतो.

"दोनशे पेशी मोजा," बाई म्हणतात,
"विभागणाऱ्या किती, नुसत्या बसलेल्या किती."
दानित्साच्या वहीत: बसलेल्या, एकशे ऐंशी.
"या काहीच करत नाहीत, बाई."
"करतायत. अख्खी पोथी
दुसऱ्यांदा उतरवून काढतायत.
खाली मान घालून लिहिणारा माणूस
लांबून झोपलेलाच दिसतो."

शेवटच्या बाकावर ओविदिओ मियाकुरा, वय त्रेचाळीस,
रात्रपाळीला कारखान्यात खेकडे फोडणारा.
लिंबू चोळून येतो, तरी वास राहतो;
मायक्रोस्कोपच्या चाकालाही लागतो,
पुसताना मला कळतं, आज कुठे बसला होता.
अंगठ्यानं दाबताना त्यानं दोन काचा फोडल्या.
तिसरीत सापडली
ऐन ओढाताणीतली पेशी,
जांभळी गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली,
मधे नुसती वाट.
त्यानं सगळा वर्ग रांगेत उभा केला,
जसं काही त्याच्याच घरी कुणी बाळंत झालं होतं.

ऑगस्टमध्ये वंशावळ.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
दानित्साला कागद पुरेना:
तिचे गोल-चौकोन बोटीत बसून
पार एड्रियाटिकच्या बेटापर्यंत पोचले,
तिथे एक आंधळा पणजोबा, त्याला तिनं पेन्सिलीनं काळं केलं.
ओविदिओच्या खाली दोन मुली.
वर कोणी नाही.
त्याची दोन्ही आडनावं अनाथाश्रमातली,
बापाकडचं माळ्याचं, आईकडचं स्वयंपाकिणीचं.
"प्रश्नचिन्ह चालतं," बाई म्हणाल्या, "मार्क कापत नाही."
त्यानं गोल काढला.
चिन्ह घातलं नाही.

पुढच्या तासाला मायटोकॉन्ड्रिया.
प्रत्येक पेशीतली ती बारकी चूल
फक्त आईकडून येते, बाई सांगत होत्या,
आईला तिच्या आईकडून,
आडनाव बदलो, बुडो, खोटं असो.
"म्हणजे माझ्यात आहे?" ओविदिओ.
"आहे."
"आणि माझ्या मुलींत?"
बाईंनी खडू खाली ठेवला.
"त्यांच्यात त्यांच्या आईची."
वाराही तेवढा वेळ थांबला असं मी म्हणणार नाही.
तो थांबत नाही.

वर्ग सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.
काडीनं गालाच्या आतून खरवडलं,
मी जानस ग्रीनचा थेंब टाकला, झाकणकाच ठेवली.
"हे ठिपके?"
"हेच."
निळसर हिरवे, धुळीहून बारीक.
"किती दिवस राहतील?"
दिवस नाही हो, मी म्हटलं, मिनिटं.
रंग उतरतो.

त्यानं डोळा लावला तो काढला नाही.
कारखान्याची बस भोंगा वाजवून गेली.
मी स्टुलं उलटी टेबलांवर चढवली, गॅस बंद केला,
त्याच्या डोक्यावरचा दिवा तेवढा राहू दिला.
मग तो उठला, नेत्रिका शर्टाच्या बाहीनं पुसली,
जे आम्ही कुणालाच करू देत नाही,
आणि विचारलं, पुढच्या आठवड्यात काय आहे.
"वाटाणे," मी म्हटलं.

शुक्रवारी काचा धुतल्या.
त्याचीही.
सोमवारी कांदे.