आधी

हल शहर. फेब्रुवारी. वॉर्ड नऊ.
आज मला पेशंट नाहीत, फक्त एक तक्ता
आणि कुणीतरी टोपण चावलेलं पेन.
कुणाला न सांगता टिपायचं
कोण हात धुतं, आणि कधी.
मी फाइल वाचायचं सोंग घेऊन खिडकीपाशी.

मारिसेल अंगठेसुद्धा चोळते, मनगटं चोळते. बरोबर.
डॉक्टर व्हिटलॉक बोलत बोलतच आत आले,
जेलची बाटली खांद्याला घासेल इतकी जवळ.
घासली नाही.
पोट चाचपलं, हसले, बरं वाटेल म्हणाले,
आणि बाहेर पडताना दोनदा दाबली बाटली,
थंडी वाजल्यासारखे हात चोळत गेले.
आधी: फुली. नंतर: बरोबर.

पानभर हेच.
नंतरचा रकाना भरगच्च,
आधीचा, दात पडलेल्या तोंडासारखा.
नंतर सगळेच धुतात.
ते कुणाला शिकवावं लागत नाही.

माझी आई गावात बाळंतपणं करायची.
अपरात्री कंदील यायचा बोलवायला,
तेव्हा मागचं दार उघडं असायचं.
मूल तिच्या हातात पडायचं, नाळ ती कापायची,
उजाडलं की ती बसलेली जागा सारवून घ्यायचे,
बाळाला न्हाऊ घालून मगच मांडीवर.
लुगडं द्यायचे ते वरून टाकून.
पण निघण्याआधी
कंदीलवाला कितीही घाई करो,
ती नखं काढायची, चुलीतल्या राखेनं हात घासायची कोपरापर्यंत.
म्हणायची, थांब रे,
त्याला जगातलं पहिलं माझंच बोट लागणार आहे.

तीन वाजता बेड चौदावरून हाक.
मिस्टर स्टॅदर, चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर,
डाव्या हाताची दोन बोटं दोरखंडानं नेलेली.
उशी घसरली होती. तक्ता ठेवला, मान उचलली, उशी सारली.
त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.
म्हणाले, सकाळपासून बघतोय,
मला शिवलं की हात धुता तुम्ही सगळ्या.
एवढा घाण आहे का मी?

इंग्रजीत 'शिवणं' नाही.
माझ्या कानांनी मात्र तोच शब्द ऐकला.

जंतूंवरचं एक वाक्य मला पाठ आहे.
ते तोंडाशी आलं, आणि दिसलं,
तक्ता धरलेले, पेन धरलेले,
दाराची मूठ धरलेले हात घेऊनच
मी त्यांची मान उचलली होती.

परत गेले तक्त्याकडे.
बेड चौदा. आधी: फुली.
कोण: या रकान्यात माझं नाव.

मग त्यांच्यासमोर उभी राहून बाटली दाबली,
सावकाश, अंगठे, बोटांच्या बेचक्या, मनगटं.
म्हटलं, हे तुम्हाला हात लावायच्या आधीचं.
हे तुमच्यासाठी असतं.
त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, थांबा, वाळू दे,
वीस आकडे.

ते मोजू लागले, आठ बोटांवर.
सतरापर्यंत आले
आणि चुकले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.