कणसूर

पेलोतासमध्ये जूनचा गारठा लाकडात शिरतो.
सरस वाळायला दोन दिवस जास्त लागतात,
आणि गिऱ्हाईक येतं ते कुरकुरतच.

दिओक्लेसिओनं गिटार पोटाशी धरून आणली,
तान्ह्या बाळाला दवाखान्यात आणावं तशी.
चाळीस वर्षं त्यानं चामड्याच्या कारखान्यात
कातडी भिजवली; बोटांची टोकं अजून चुन्यानं खाल्लेली.
"सातवी खोटं बोलते," म्हणाला.
"मोकळी असली की खरी, दाबली की चढते.
पाचव्या पडद्यापुढे तर विचारूच नकोस."

सहा तारा सगळ्यांच्या असतात.
सातवी जास्तीची, खर्जाची:
बासरी वर हुंदडत असताना
खाली कुणीतरी जिना बांधायला हवा म्हणून.

बाराव्या पडद्यावर मी बोट नुसतं टेकवलं.
स्वर घंटेसारखा स्वच्छ.
मग तिथेच दाबून वाजवलं.
ट्यूनरची सुई उजवीकडे सरकली
आणि बसून राहिली, हट्टी पाहुण्यासारखी.

मी त्याला समजावलं, मास्तरणीच्या सुरात:
जाड तार सहज वाकत नाही, दिओक्लेसिओ,
जाड कातड्यासारखी.
दाबलीस की ताणली जाते,
ताणली की चढते.
म्हणून घोडीवर तिला जरा मागे टेकवायचं,
तेवढी लांबी जास्त द्यायची.
शिवाय पडदे मुळात तडजोडीचेच,
कुठल्याच स्वराला आपलं पुरतं घर मिळत नाही.

तो म्हणाला, "कातडं मला शिकवू नकोस."

घोडीचं हाड तीन मिलिमीटर रुंद.
कानस हातात, पण चालवायची कानानं:
एक घास, तार चढवा, ऐका,
अर्धा घास, तार चढवा, ऐका.
हाडाच्या मागच्या काठाशी आले. पुढे हवा.
सुई अजून केसभर उजवीकडे.

तेव्हा मी ट्यूनर बंद केला
(हे आधीच करायला हवं होतं)
आणि म्हटलं, वाजव.

खर्ज निघाला
रात्रपाळीहून घरी जाणाऱ्या माणसासारखा, वाट पाठ असलेला:
मोकळी, पहिला पडदा, तिसरा, परत मोकळी.
डावा हात वर फिरकलाच नाही.
त्याचं सगळं राहणं मेरूजवळच्या तीन पडद्यांत,
आणि तिथेही तार चढीच होती.
खाच उथळ; पडद्याला टेकायला
तिला फार खाली यावं लागे.
खाच दोन केस खोल केली.
बारावा पडदा सोडून दिला.
ज्या गावाला माणूस जाणार नाही
तिथला रस्ता कशाला खणायचा?

पैसे त्यानं मोजून दिले, वर पेरूच्या वड्या.

शुक्रवारी बंदराजवळच्या खानावळीत त्यांची बैठक.
जुरेमा डफावर, एवांद्रो बासरीवर,
मी कोपऱ्यात, आपलंच काम ऐकत.
खालचे स्वर घट्ट, बूड असलेले.
मी खुशीत दुसरी बिअर मागवली.

मग बासरी थांबली,
आणि म्हातारा सातव्या तारेवरून निघाला
वर, पाचवा, सातवा, नववा,
मी न खणलेल्या रस्त्यानं.
माझ्या पोटात गोळा.

बारावा.
चढा लागणार. लागलाच.
पण पापणी लवायच्या आत त्याचं बोट,
दाब न सोडता, घोडीच्या दिशेला रेललं,
तार तेवढीच सैल पडली,
आणि स्वर उतरला,
दारात चपला काढून आत आल्यासारखा.

कुणाच्या लक्षातही आलं नाही.
जुरेमा घाम पुसत होती.

मध्यंतरात मी त्याचं बोट मागितलं, बघायला.
टोकाच्या घट्ट्यात एक तिरपी रेघ,
बरीच जुनी.
मग माझ्याकडे कशाला आणलीस, विचारलं.
"सांधे दुखतात आता," म्हणाला,
"आणि झालं बघून? दे इकडे.
पुढच्या वेळी रुंद हाड घाल."