घट

सुपडूभाऊंनी स्क्रीनवर बोट टेकवलं,
नखात लाल पूड,
आणि म्हणाले,
"हाऊ कंप्युटर माले चोर म्हनस."

खरंच तसं लिहिलं होतं. ठळक अक्षरांत: तफावत.
आवक, ओली मिरची, शंभर क्विंटल.
शिल्लक एकोणतीस.
उरलेल्या एकाहत्तरांचा खुलासा करा.

खुलासा खिडकीबाहेर पसरला होता,
नंदुरबारच्या पथारीवर, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि एकाहत्तर क्विंटल पाणी
जानेवारीच्या उन्हात
कुणालाही पावती न देता वर चाललं होतं.

कंपनीच्या तयार चौकटी मी पुन्हा मोजल्या.
तारीख. आकडा. मजकूर. होय-नाही.
ऊन कशातच बसेना.
माहितीपुस्तकाचं पहिलंच पान म्हणतं,
हवा तो कंपोनेंट स्वतः बनवा,
जणू म्हणतंय, भूक लागली तर दोन भाकरी थापून घे.

मी शहाद्याची. नोकरीला आठ महिने.
रिकामा फोल्डर उघडला, नाव दिलं: घट.
नको म्हणाला. नाव इंग्रजीत हवं, लहान अक्षरांत, मध्ये जागा नको.
घटला इंग्रजी सदरा चढवला;
तेव्हापासून पुण्याची टीम त्याला घाट म्हणते.

तीन फायली. एकीत हाडं, दुसरीत डोकं,
तिसरी म्हणजे शाळेचा दाखला,
हा कुठल्या पानावर बसेल, बसू द्यायचा की नाही.
तिथं 'दिसू दे' समोर 'होय' लिहायचं राहिलं
आणि दोन दिवस
मी सर्व्हरला, नेटला, शेवटी नशिबाला बोल लावत बसले.
कंपोनेंट वर पोचला होता.
फक्त त्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पानाच्या कोपऱ्यात
एक पांढरा चौकोन, आत दोनच शब्द:
राम राम.
सुपडूभाऊ चष्मा वर करून बघत राहिले.
"चोर म्हनत व्हता, आते राम राम करस."
चहा त्यांनी सांगितला.

मग मी ओलाव्याची पट्टी केली, शून्य ते शंभर टक्के,
सरकवायची, हिरव्यातून लाल होणारी. माझी मलाच आवडली.
रमीबाई वळवी म्हणाली, टक्के कुठे असतात?
तिनं मूठभर मिरची उचलली,
माझ्या कानाशी हलवली.
काही ऐकू आलं नाही.
दुसऱ्या वाफ्यातली हलवली:
आत बी कुजबुजत होतं.
तिसरी, कडेची, आठ दिवसांची,
खुळखुळली, बाळाच्या हातातल्यासारखी.

पट्टी पुसली.
तीन बटणं ठेवली: मुकी, कुजबुजती, खुळखुळती.

तरी ती दाबेना.
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आग होऊ नये म्हणून,
आणि काचेला चिंधी कळत नाही.
तिनं इकडेतिकडे बघितलं,
बाही वर सारून कोपरानं दाबलं.
बटण भाकरीएवढं केलं.

नियम असा आहे की
माहिती वरून खाली येते, ती मुकाट घ्यायची,
बदलायची नाही;
खालच्यानं वर फक्त हाक मारायची
आणि कुणी ऐकतंय असं धरून चालायचं.
हे मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेसारखं.
कोपरानं मारलेली हाक
पुण्यात पोचायला सेकंदही लागला नाही.

आता तफावतीच्या जागी ओळ येते:
उन्हाला गेले, एकाहत्तर.
सुपडूभाऊ ती मोठ्यानं वाचतात,
दिवसातून बऱ्याचदा, गरज नसताना.

कीबोर्डच्या फटींत पूड गेली आहे.
एंटर दाबला की शिंक येते.
आणि आज आभाळ भरून आलंय,
काल खुळखुळणारी मिरची पुन्हा कुजबुजायला लागली,
वजन उलटं चढतंय,
माझ्या कोडमध्ये त्याला वाटच नाही.

रमीबाई सकाळी सहाला येते.
तिला विचारायचं आहे.