दोन बोटं रुंद

यमकनमर्डीच्या अलीकडं, सोसायटीच्या काट्यावर
तेरा वर्षं मी बाभळीचा डिंक मोजतोय.
समोरचा अंटू म्हणाला तरी
वहीत मी डिंकच लिहितो,
आणि नावापुढं, कुणी सांगितलं नसताना,
हत्यार.

बाळेश नायक : कुऱ्हाड.
पहिल्या साली झाडामागं पावशेर, त्यात निम्मी साल.
दुसऱ्या साली छटाक.
तिसऱ्या साली तो पिशवी न घेताच आला,
उगाच पारड्यावर हात ठेवून उभा राहिला.

सत्यव्वा हत्तरगी : खुरपं,
घासून घासून चाकूएवढं उरलेलं.
तिचं काम बघायला एकदा गेलो,
हिडकलच्या पाण्याकडच्या माळावर.
आधी ती झाडाला पाठ टेकून बसली,
तंबाखू मळली, ऊन कुठल्या अंगाला ते बघितलं.
मग उठली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब
साल सोलली,
लाकूड दिसायच्या आत हात थांबला.
"हाडाला लागलं की रडत नाही बघ ते," म्हणाली,
"गप्प बसतंय."

मग तीन आठवडे तिकडं फिरकायचं नाही.
खडे तोडायचे, दहा दिवस सोडायचे, परत तोडायचे.
पुढल्या साली दुसरं अंग.
वहीत सात वर्षं :
दीड पाव, दीड पाव, दीडला दोन तोळे कमी, दीड पाव.
असले आकडे कोण वाचतंय?

मग गोकाकचा व्यापारी आला, सिरिंज घेऊन.
बुंध्याला भोक, भोकात औषध, वर चिखलाचा लिंपा.
त्या मार्चला पारडं बसलं ते उठेचना,
एकेका झाडाला शेर, सव्वा शेर,
काकवीसारखा ओघळलेला.
बाळेशनं फटफटी घेतली.
मीही, खोटं कशाला सांगू,
त्याच कमिशनातनं मिक्सर आणला.

दिवाळीनंतर शेंडे वाळत खाली आले.
बेचाळीस झाडं. आतून काळी,
सुतारानं नेली नाहीत, भट्टीवाल्यानं भाव पाडून नेली.

बेळगावहून साहेब आले, म्हणाले, सरासरी काढा.
कुऱ्हाड, खुरपं, सुई : बेरीज केली, तिनानं भागलं.
उत्तर बरोबर आलं.
तेवढा डिंक देणारं झाड
अख्ख्या माळावर एकही नव्हतं.

परवा लेक बाळंत झाली.
सत्यव्वा पदरात ओंजळभर घेऊन आली,
"लाडवाला. काट्यावर घालू नको हं."
ती फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबलो,
मग घातलाच. सवय.
नऊ तोळे. एका खड्यात मुंगी, पाय पसरून, सबंध.
ती धरून नऊ.
वहीत लिहिलं,
हत्याराचा रकाना
तसाच ठेवला.