बिया काढताना

जूनमध्ये रुवीच्या दुकानात चेरी येते,
अर्ध्या किलोच्या डब्यात, अंगाला घाम फुटलेली.
भाव वाचून मी तीनदा तिच्यापासून लांब जाते,
बटाट्यांपाशी, साबणांपाशी,
आणि चौथ्यांदा डबा उचलते
चोरी केल्यासारखी.

चॉकलेटची वेगळीच तऱ्हा. ते गाडीपर्यंत टिकत नाही.
बाहेर सत्तेचाळीस अंश.
हेरंब गाडी चालवतो आणि मी ती काळी वडी
एसीच्या झरोक्यासमोर धरून बसते,
तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी धरावी तशी.
तो म्हणतो, माझ्या गुडघ्याला इतकी जपली असतीस तर.

चेरी मला चाळिशीत भेटली.
त्याआधी चेरी म्हणजे
चिपळूणच्या बेकरीतल्या पेस्ट्रीवरचा लाल मणी,
शेवटच्या घासापर्यंत राखून ठेवलेला.
ते करवंद होतं.
पाकात शिजवलेलं, रंगात बुडवलेलं करवंद.
हे मला इथे, मस्कतमध्ये, कुणीतरी सहज सांगितलं
आणि मी दोन दिवस धड बोलले नाही.
ज्या जाळीत हात ओरबाडून घेऊन
आम्ही फुकट खायचो,
तीच आम्हाला लिपस्टिक लावून विकली होती.

खरी चेरी तर लालसुद्धा नव्हती धड.
काळपट, गंभीर,
जांभळाची शहरात शिकलेली मामेबहीण.

मग तिचं नि चॉकलेटचं जमल्यावर
तिसरं कोण नांदेल, ते बघणं सुरू झालं.
वेलची पाहुणी म्हणून आली आणि
संध्याकाळपर्यंत घराच्या किल्ल्या मागू लागली.
केशर बुडालं, उधार दिलेले पैसे बुडतात तसं.
गुलाबपाण्याचा केक खाऊन खालची फिलोमिना म्हणाली,
छान आहे गं, पण लग्न कुणाचं?
खजुराचा पाक नको. एका बाकावर दोन बढाईखोर.
वाळवलेलं काळं लिंबू किसून घातलं,
ते मात्र जरा वेळ शहाण्यासारखं वागलं,
धुरकट, आंबट, कमी बोलणारं.
आमसुलावर माझी फार भिस्त होती.
केक आमटीसारखा लागला.
माहेरचं आहे म्हणून खोटं बोलणार नाही.

मत्रहच्या बाजारात, धूपाच्या दुकानांमागे,
खल्फानने माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले.
फिकट, मुगाएवढे.
चाव, म्हणाला.
आधी कडू. मग बदाम. मग बऱ्याच वेळाने,
जिना चढून कुणी वर यावं तशी
चेरी.
महलब, तो म्हणाला. चेरीच्या बीच्या पोटातलं.
तुझी दुकानातली नव्हे हं,
रानातली, बारकी, आंबट,
जिला कुणी विचारत नाही ती.

म्हणजे करवंद, मी मराठीत म्हणाले.
त्याने मान हलवली,
दुकानदार हलवतात तशी,
आणि पन्नास ग्रॅम तोलले.

सकाळीच मी वाटीभर बिया कचऱ्यात टाकल्या होत्या.
त्या कामाच्या नव्हत्या, ठाऊक आहे,
तरी येताना गाडीत मला त्यांची थोडी लाज वाटली.

खलात पाऊण चमचा महलब कुटलं.
कडू चॉकलेट, चिमूटभर मीठ, साखर हात आखडून.
चेरी एकेक उकलली पिनेने.
बोटं बाळंतिणीच्या खोलीतल्या सुइणीसारखी झाली,
नखांत जांभळं रक्त.
ओव्हनमधून वास आला तेव्हा फिलोमिना
न बोलावता, चमचा घेऊन, वर आली.

शुक्रवार दुपार. पडदे ओढलेले.
हेरंबने पहिला घास घेतला, डोळे मिटले,
आणि मी कौतुकासाठी पदर सावरून बसले.

टक्.

जिभेने शोधून त्याने बी काढली,
बशीच्या कडेला ठेवली.
एक राहिली, म्हणाला.
मी मोजून एकसष्ट काढल्या होत्या.
फिलोमिना हसता हसता खोकू लागली.
मी काहीच बोलले नाही.

त्याने अजून एक तुकडा मागितला
आणि तो
डाव्या दाढेने, सावकाश, खाल्ला.